एकुलती कन्या

चौल,
७ ऑक्टोबर २०२४

ती. प्रणालीताईस, क्रांतीचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आईच्या कबरीवर दगड बसवला. फोनवर हे सांगणे मला जमले नसते. ९ नोव्हेंबरला आईला प्रभूमध्ये निजून वर्ष होईल. त्याआधी दगड उभा राहावा, हा आपल्या ख्रिस्ती मंडळीचा रिवाज. मजकूर मीच लिहून दिला. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच कळवते: ‘कमळ. प्रभूमध्ये निजली. शोकाकुल एकुलती कन्या, क्रांती.’

एकही शब्द न खोडता लिहिला. आठ महिने आईचे डायलिसिस चालले. पुण्याच्या रुग्णालयात परक्यांच्या उशाशी बसणारी तू एकदाही आली नाहीस. मातीलाही आली नाहीस. मग मी खोटे काय लिहिले?

मात्र काल चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला सगळे उठले आणि मी बाकावरच राहिले. मनात वैर असेल त्याने प्रभूच्या मेजाजवळ जाऊ नये, हे आईनेच शिकवले. वर्ष होत आले, मी उठलेली नाही. अकरा घरांची मंडळी. कोणी वळून पाहत नाही आणि सगळ्यांना दिसते. एरवीही वाचनालयाला कुलूप लावल्यावर दुसऱ्या सकाळपर्यंत मी कोणाशी बोलत नाही.

क्रांती

पुणे,
१३ ऑक्टोबर २०२४

चि. क्रांतीस, ताईचे अ. आ. आणि सलाम.

बाई गं, पत्र आहे की निबंध? समास सोडून, सुवाच्य अक्षरात मला जिवंतपणी पुरलंस. मी आधी हसले. मग वॉर्डच्या बाथरूमला आतून कडी लावली आणि पोटभर रडले.

खोटं काहीच लिहिलं नाहीस. खोटं मी बोलले. सुट्टी मिळत नाही असं तेव्हा कळवायचे ना, ती मी मागितलीच नव्हती. आईचे रिपोर्ट तू मोबाइलवर पाठवायचीस. त्यातले आकडे मला वाचता येतात गं, तोच माझा धंदा. पुढे काय होणार ते दिसत होतं आणि ते आईच्या चेहऱ्यावर बघायची माझी छाती झाली नाही. म्हणून मागून मागून डबल ड्यूटी घेतली. मातीच्या दिवशी रेवदंड्याच्या स्टँडपर्यंत आले होते. तासभर बसले. समोर परतीची गाडी लागली, तिच्यात चढले.

यात मला वाचवणारं काही नाही. तुला ठाऊक असावं, एवढंच.

तुझी ताई

चौल,
२१ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझे पत्र तीनदा वाचले. इतके दिवस मी तुझ्या रुग्णालयातल्या साहेबांचाही राग करत होते. आता तो वाटाही तुझ्याच नावावर आला.

शेवटच्या आठवड्यात आई दाराकडे पाहून रोज विचारायची, की प्रणीची गाडी चुकली का. मी हो म्हणायचे. म्हणजे तुझ्यासाठी मीही खोटे बोलले.

पाळकसाहेबांना विचारले, की क्षमा करावीशी वाटतच नसेल तर काय करावे. ते म्हणाले, की वाटायची वाट बघत बसलीस तर म्हातारी होशील, पोरी. आधी कर, वाटणे मागाहून येते, कधी फार उशिराही येते. मला हे पटले नाही. मनात नसलेले तोंडाने म्हणणे मला ढोंग वाटते. दगड आहे तसाच राहील.

क्रांती

पुणे,
२६ ऑक्टोबर २०२४

चि. क्रांतीस आशीर्वाद.

गाडीचं वाचलं.

दगड राहू दे. पण माझ्यापायी तू मेजापासून लांब बसू नकोस. चूक माझी आणि उपाशी तू, हे कुठलं गं? मला क्षमा केली नाहीस तरी चालेल. तसं पाळकसाहेबांना सांग आणि ऊठ.

वेडाबाई, वेळेवर जेवतेस ना? की पुस्तक पुढ्यात घेऊन नुसता चहा?

ताई

चौल,
४ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस, क्रांतीचा सा. न. आणि सलाम.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: नुसता चहा.

वर्गात सदैव पहिली येणारी मी, क्षमेलाही गुणपत्रिकाच समजत होते. तू पुरेसे गुण मिळवायचेस आणि मग मी द्यायची. तू तर काही मागितलेच नाहीस, उलट माझ्या जेवणाची चौकशी केलीस. ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्यासाठी प्रभूने क्रुसावरून क्षमा मागितली, तेव्हा त्यांच्यापैकी कोणी पस्तावला नव्हता. हे मी रविवारच्या शाळेत मुलांकडून घोकून घेते आणि स्वतः मात्र आईच्या उशाशी तिचीच एक लेक पुसून टाकली. त्याबद्दल तू मला क्षमा कर.

तुझे पत्र मिळाले त्याच दुपारी भागोजी पाथरवटाकडे गेले. तो चक्रावलाच. कागदावर एकुलती असे तूच लिहून दिलेस, मग ही बहीण आता कुठून उगवली, असे विचारू लागला. ती माझ्याही आधीची आहे, असे सांगितले. शिकलेल्या माणसांचे काही खरे न्हाय, अशी कुरकुर करत त्याने ती ओळ तासली. तिथे दगड खोलगट झाला आहे आणि नवी अक्षरे जास्त पांढरी दिसतात: ‘मुली, प्रणाली व क्रांती.’ इथे काही खोडले आहे, हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळेल. कळू दे.

काल मी उठले. भाकर हातात घेतली तेव्हा राग गेला नव्हता. संध्याकाळी भांडी घासताना तुझ्यावर पुन्हा चिडले आणि पुन्हा क्षमा केली. आज सकाळी पुन्हा. पाळकसाहेब म्हणाले ते मागाहून येणारे वाटणे अजून आलेले नाही.

तू मात्र शनिवारी ये. मी स्टँडवर उभी असेन. उतरल्या उतरल्या माफी मागू नकोस. ती दिलेली आहे. पुन्हा मागितलीस तर चारचौघांत मला रडू येईल, आणि एवढ्या माणसांसमोर कसे रडायचे ते मला माहीत नाही.

लोभ आटला नव्हता, अडला होता. तो तुझाही तसाच असावा.

तुझी धाकटी बहीण,
क्रांती