निवाऱ्याचे वाढीव मजले

रवि., ५ ऑक्टो.
आजही खेळात कोणी बाहेर पडलं नाही. बने काका, प्रज्ञा आणि नंदू शेवटच्या मजल्यावर पोचले. मी मुळात आखला होता तो शेवटचा. तिथे गच्ची, गच्चीवरून पूल, सुटका. फासा चांगला पडला, कुलूप उघडलं, आणि मी म्हणाले, "समोर आणखी एक जिना दिसतो."
जिना नव्हता. आयत्या वेळी तोंडात आला.
शेजारचे बने काका एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. म्हणाले, "काय गो बाय, आमची गाडी पन कदीतरी डेपोत पोचायची!"
नंदू हसला. चांगला मोठ्याने.

मंगळ., ७ ऑक्टो.
लिहूनच ठेवते, नंतर पळवाट नको. 'निवारा' ही इमारत मी रचलेली. पुढच्या कुठल्यातरी शतकातली. शहर तिला विसरलं, ती मात्र चालूच. लिफ्टमधला आवाज रहिवाशांना जेवू घालतो, काळजी घेतो, आणि काळजीपोटी दारं लावून घेतो. ते तिघं रहिवासी, त्यांनी बाहेर पडायचं. मी इमारत. फासे, कागद आणि बोलणं, एवढाच खेळ.
खेळ नंदूनेच मुंबईहून आणला. नोकरी गेल्यावर माझ्याकडे आला तो आतल्या खोलीत गेला. घराबाहेर पाऊल नाही. ताट दाराशी ठेवते. फक्त रविवारी दुपारी दाढी करून बाहेरच्या खोलीत येतो, खेळायला. खेळ संपला तर तेही नाही.
म्हणून मजले वाढवते. यात भावाची काळजी किती आणि रविवारी घरात माणसं बोलतात त्याचा मोह किती, हे…

गुरु., ९ ऑक्टो.
ऑफिसात डबा खाताना प्रज्ञा: "खरं सांगा ताई, एकूण मजले किती?"
"आहेत तेवढे."
"हे उत्तर लिफ्टने दिलं असतं."
तोंडल्याची भाजी उरली. घरी आणली.

रवि., १२ ऑक्टो.
पुन्हा बंद दार. काकांनी फासा बाजूला सारला. "फाशानं नाय व्हायचा. जागा म्हटली का राखणदार आला. त्याला गाऱ्हाणा घालू."
नियमात बसतं का? इमारतीशी बोलायला परवानगी आहे, मग गाऱ्हाण्यालाही हवी. हो म्हटलं. काकांनी पाण्याचा तांब्या मधोमध ठेवला, टोपी घातली, उभे राहिले.
"बा म्हाराजा, या जाग्याचा तू राखणदार. तुजी लेकरा तुज्याच घरात अडाकली. चुकलामाकला पोटात घाल नि दरवाजा मोकळा कर, म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"आनी जो कोन मागं ऱ्हात आसंल, त्याच्यासाटी पन दार उगडा ठेव, म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
प्रज्ञाच्या घरी ही रीत नाही. ती म्हणत नाही, नुसती ऐकते. त्यामुळे तिनेच पकडलं. "थांबा. दोन आवाज आले. नंदूचा आणि ताई, तुमचा."
म्हटलं, सवयीने गेलं. लहानपणापासून गावच्या देवळात…
"सवय तुमची. पण इथे तुम्ही इमारत ना? इमारत हो म्हणाली."
"झाला!" काकांनी टाळी वाजवली. "राखणदारच व्हय म्हनाला. आता माघार नाय, बाय."
मागे घेता आलं असतं. नियम माझेच आहेत. दार उघडलं.
कागदावर उंबरठ्याची रेघ ओढली. काकांनी आपली सोंगटी, म्हणजे सुपारी, पलीकडे सरकवली, प्रज्ञाने खोडरबर. नंदूचं शर्टाचं बटण अलीकडेच.
"नंद्या, चल रे. डबल बेल दिलीय मी."
नंदू रेघेकडे बघत होता. मग म्हणाला, "ताई, वरचे मजले नव्हतेच ना?"
"नव्हते."
"कुठपासून?"
"गच्चीपासून."
मान हलवली. खोलीत गेला. दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

सोम., १३ ऑक्टो.
ताट ठेवताना आतून: "टेबलावरचा कागद उचलू नको."
बरं म्हटलं. माफी मागायची होती, जमलं नाही. बंद दाराशी बोलताना माझा आवाज लिफ्टसारखा येतो.

बुध., १५ ऑक्टो.
संध्याकाळी आले तर बटण रेघेवर. निम्मं अलीकडे, निम्मं पलीकडे. सकाळी पूर्ण अलीकडे होतं, बघून गेले होते.
त्याने सरकवलं असेल. पण जाताना पंखा बंद करायला विसरले होते, आणि बटण ते केवढं, वाऱ्यानेही सरकेल. दाराजवळ त्याच्या चपला. उलटून तळ बघावेसे वाटले, धूळ लागलीय का. बघितले नाहीत.
पंखा बंद करून टेबलाशी बसले. उकाडा नुसता.
"ताई, घामाने भिजलीयस. लाव ना पंखा."
म्हणजे त्याला मी दिसत होते. दार किलकिलं होतं.
"बटण हलेल," म्हटलं.
"मग तूच ठेव कुठेतरी."
"मी नाही ठेवणार."
दार लागलं नाही. अजून तशीच बसले आहे, पंखा न लावता.