इंदूसाठी मागची खोली

१६ एप्रिल १९४५, सोमवार

आणि ठेच लागते ती माझ्याच अंगठ्याला! मागच्या खोलीत चार माणसं जातात-येतात, दाराशी पडलेला नांगराचा फाळ चौघांना दिसतो, पण उचलायचा कोणी? तर बेबाबाईनं. का, तर बेबाबाईला हात आहेत. बाकीच्यांना नुसती तोंडं.

आज तिसऱ्यांदा रक्त आलं. हळद दाबली. आता बस्स.

ही डायरी जिनवाल्यांनी ह्यांना दिली. कापसाचे भाव ह्यांच्या डोक्यात असतात, डायरी कोरीच. मी तिसरीपर्यंत शिकलेली, म्हणून मी लिहिते. घरात बोललं तर लोक उठून जातात. कागद उठून जात नाही.

खरं कारण इंदू. तिच्या सासरहून, नरडाण्याहून निरोप आहे, पोरगी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, येणार आणि बाळंतपण होईपर्यंत राहणार. पहिलटकरीण. सातवा सरत आला. दोन वर्षांत पोरगी चार दिवसांच्या वर माझ्याजवळ राहिली नाही. पण विहीणबाईंनी, भिकुबाईंनी, शेपूट जोडलं आहे. म्हणे मोकळी, हवेशीर खोली असेल तरच पाठवू. भुसावळला लग्नाला जाताना स्वतः उतरून पाहून जाणार.

पाहा म्हणावं. आखाजीला चार आठवडे आहेत. खोली तर चार दिवसांत होईल. ह्या घरात एक मीच अशी आहे, जिचा जीव वस्तूत नाही.

१७ एप्रिल, मंगळवार

नियम केला. ज्या वस्तूला वर्षभरात हात लागला नाही ती बाहेर. ह्यांना सांगितला. म्हणे, मग मलाही काढ. हसले. मी हसले नाही.

फाळ बाहेर काढला. हे म्हणे, राहू दे, लोखंड मिळत नाही, लढाई चालू आहे. मोडकं जू काढलं. लढाई. कोठीचं झाकण, कोठी नाही, नुसतं झाकण. लढाई. लढाई संपली तर ह्या माणसाला कारण कुठून मिळणार देव जाणे.

मग दीर, शालिग्रामभाऊजी. बायको गेल्यापासून लोकांची घड्याळं दुरुस्त करतात. म्हणजे उघडतात. टोपलीभर चाकं आहेत. टोपलीला हात लावला तर म्हणे, वहिनी, मोजून ठेवलीत. किती आहेत विचारलं तर सांगता येईना.

माझी पेटी आणि माझी उतरंड उघडली नाही. त्यात सगळं कामाचं आहे.

दिवसभरात बाहेर गेलं ते: एक केरसुणी. संध्याकाळी परत आणली. झाडायला दुसरी नव्हती.

२० एप्रिल, शुक्रवार. दुपारी

खोली मोकळी झाली!! सगळं ओसरीवर आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. चार दिवस म्हटले होते, चारच लागले.

हे जेवायला कणगीच्या पलीकडे बसले. दिसत नव्हते. आवाजावरून भाकर वाढली.

शेजारची वच्छलाबाई डोकावली. काय वं, घर सोडून चालली का? म्हटलं, नको ते काढते. म्हणे, मग ते जातं मला दे, माझं फुटलं. मी जात्याकडे पाहिलं. चांगलं जातं आहे. खुंटा नाही आणि वरची तळी चिरली आहे, एवढंच. वच्छला काही उगीच मागणारी नाही. तिला हवं, म्हणजे त्यात काहीतरी असणार. नाही दिलं. तोंड वाकडं करून गेली.

त्याच दिवशी, संध्याकाळी

वावटळ सुटली. ओसरीवरच्या सगळ्यावर बोटभर धूळ. सगळं परत आत. पण ह्या वेळी रचून ठेवलं. म्हणजे निम्मं काम झालंच.

२५ एप्रिल, बुधवार

आज खरा दिवस. बोहारीण आली, कौतिकबाई. ह्या कंट्रोलामुळं नवं कापड कुठं दिसत नाही, त्यामुळं जुन्याला फार मान आला आहे. ती दारातच म्हणाली, अक्का, लुगडी काढा, भांडी घ्या. मीही मागं पुढं पाहिलं नाही. सासूबाईंची लुगडी, माझी चार, पेटीतली खालची-वरची सगळी. दोन मोठी गाठोडी गेली. जीव अडकवायचा नाही म्हणजे नाही.

घासाघीस अशी केली की कौतिकबाईला घाम फुटला. अकरा भांडी घेतली. ती म्हणे अक्का, तुमच्यापुढं जळगावचे सराफ पाणी भरतील.

भांडी एकात एक बसतात, त्यामुळं जागा लागत नाही.

संध्याकाळी: बसत नाहीत. सगळी एकाच मापाची आहेत.

२८ एप्रिल, शनिवार

इंदूचं पोस्टकार्ड. जसं आहे तसं उतरवते. "आई, आजीची मऊ लुगडी आणि तुझी जुनी नीट धुऊन ठेव. बाळोत्याला आणि दुपट्याला तीच लागतील. इथं कापड मिळत नाही. दुसरं काही नको."

दुसरं काही नको!

हे कार्ड बुधवारी आलं असतं तर? तारीख पाहिली, तिनं सोमवारी टाकलं. म्हणजे दोष पोस्टाचा. ह्यांना तसं सांगितलं. ह्यांनी भाकर पुढं ओढली आणि खाल्ली. त्याचा मला जास्त राग आला.

भाऊजींना जळगावला पिटाळलं, कौतिकबाईला गाठा म्हणून. तीन भांडी बरोबर दिली, बदल्यात मागायला. रात्री जेवायच्या वेळेला आले. एकच लुगडं मिळालं, तेही माझं, ज्याला मध्ये भोक आहे. आणि सोबत एक ग्रामोफोनचा कर्णा. जुन्या बाजारात दिसला म्हणे. खाली ग्रामोफोन कुठं आहे? तो मिळेल, वहिनी.

२ मे, बुधवार

डोकं थंड ठेवून विचार केला. आपल्याकडे रीतच आहे, नव्या जिवाला पहिलं कापड दुसऱ्याच्या घरचं, मागून आणलेलं घालायचं. मग मागायला लाज कसली? वच्छलाबाईला आधी सांगितलं. (जात्याचं ती विसरली आहे.) म्हटलं, एखादं मऊसं धडपं असेल तर दे. तिनं गल्लीत सांगितलं. गल्लीनं गावात.

आता हे ऐका. म्हणजे कोण ऐकणार, मीच.

गिरधर शेठांच्या घरून गाठोडं आलं. धोतरं. सगळी फाटकी, खळ घालून ताठ. भाईदासच्या घरून पागोट्याचं कापड आणि एक गोणपाट. गोणपाट! लेकराला! वच्छलाबाईनं स्वतः जाजम आणलं, ज्याच्यावर त्यांच्या घरी तीन बारसी झाली आणि धुतलं एकदाही नाही. परत द्यावं तर अपशकुन. नव्या जिवासाठी आलेलं दारातून फिरवायचं नसतं. म्हणून हसून घेतलं. नऊ घरं, नऊ गाठोडी. नशिराबादेतल्या बायांनी आपापल्या खोल्या झाडल्या आणि भरली माझी.

मऊ कापड शोधलं. एका उशीचा अभ्रा निघाला.

पण माणसं पाहा कशी! इंदूवर गावाचा किती जीव आहे ते कळलं.

६ मे, रविवार

विहीणबाई येऊन गेल्या. एकदम छान झालं.

आंब्याचा रस केला होता, पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. खोलीचं दार मी सकाळीच बंद केलं, कुलूप लावलं. म्हटलं, किल्ली हरवली हो, काय करावं, नाही तर दाखवलीच असती. तेवढ्यात भाऊजी आले. वहिनी, ही घ्या किल्ली, तुम्हीच माझ्याकडे दिली होती. भला माणूस आहे. देवानं अक्कल वाटली तेव्हा घड्याळ उघडून बसला असेल.

दार उघडलं. कर्णा आधी बाहेर आला, गडगडत, विहीणबाईंच्या पायापर्यंत. मग जाजम. मग एक एक गाठोडं, घाई न करता.

विहीणबाईंनी पाय मागं घेतला. मग आपल्या बोलीत म्हणाल्या, "बठ्ठं गाव आठेच भरेल शे! पोरले कोठे निजाडशात, बाई?"

सगळं गाव इथंच भरलं आहे, पोरीला निजवाल कुठं, म्हणे. म्हणजे घर भरलेलं आहे, कशाला काही कमी नाही, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं मान्य केलं. दुसरी पोळी नको म्हणाल्या. पोट भरलं असेल. निघताना इंदूबद्दल काही बोलल्या नाहीत, म्हणजे ठरल्याप्रमाणंच आहे.

ह्यांना विचारलं, कसं झालं? हे म्हणे, बघू.

१० मे, गुरुवार

खाटेपुरती जागा झाली! भिंतीला लागून. गाठोडी छतापर्यंत रचली. अंगात ताकद राहिली नाही, पण झाली. खाट आत नेली. आता दार लागत नाही. खाट आडवी केली तर दार लागतं, पण माणूस आत जात नाही. इंदू बारीक आहे. म्हणजे होती.

पाठ धरली आहे. शेकली.

१२ मे, शनिवार

भाऊजी मुऱ्हाळी म्हणून इंदूला आणायला नरडाण्याला गेले. स्वच्छ धोतर नेसून, सकाळच्या गाडीनं. सांगितलं, पोरीला डब्यात खिडकीशी बसवा, जळगाव स्टेशनावर हे गाडी जुंपून उभे राहतील. गाडीत दोन उश्या टाकल्या.

ओसरीसमोरच्या निंबाला झोका बांधून घेतला. सांजोऱ्या तळल्या, तिला लागतात तशा, जरा जास्त लाल.

१३ मे, रविवार

गाडी आली. पुढे हे, मागे भाऊजी. मध्ये दोन उश्या.

मी म्हटलं, इंदू कुठं? भाऊजी म्हणे, पाणी द्या आधी. पाणी दिलं. पूर्ण तांब्या पिईपर्यंत मी उभी.

विहीणबाईंनी बाळंतपण तिथंच करायचं ठरवलं आहे. खोलीला चुना दिला. सुईण शेजारीच राहते. म्हणे तुमच्या वहिनीला इतका पसारा, त्यात आणखी आमची कशाला.

मी म्हटलं, आणि इंदू? ती काय म्हणाली? म्हणे, आईला सांगा, वाईट वाटून घेऊ नको. मी इथं बरी आहे.

रडत होती का?

नाही, वहिनी. पापड लाटत होती.

ह्यांनी तेवढ्यात बैल सोडले. मी सांजोऱ्यांचा डबा बंद केला.

१४ मे, सोमवार. आखाजी

झोक्यावर गल्लीतल्या लेकी बसल्या होत्या, ज्यांच्या त्यांच्या घरी आलेल्या. गाणी म्हणत होत्या. मी म्हटलं, बसा. निंबाचं झाड काही माझं एकटीचं नाही.

दुपारी एकटीनं खोलीत जाऊन बसले. खाटेवर. पाय दाराबाहेर. लढाई युरोपात संपली म्हणे, पेपरात आलं आहे. ह्यांना म्हटलं, आता फाळ टाकू का? हे म्हणे, जपान बाकी आहे.

मग कार्ड लिहिलं. इथं उतरवून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की मी काही केलं नाही.

"भिकुबाई विहीणबाईंस बेबाबाईचा नमस्कार. तुमचा निर्णय कळला. तो मला पटला नाही. पहिलं बाळंतपण आईच्या हातचं असतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे, तुमच्या लेकी तुमच्याकडेच आल्या होत्या. मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये हे मला कळतं. पाणी मी घागर घेऊन बाहेरून आणीन, भाकर मी बांधून आणीन. ओट्यावर निजेन. खोलीबद्दल तुम्ही म्हणालात ते खोटं नाही. माझ्यानं झालं नाही. पण इंदूच्या डोक्याला तेल मलाच लावू द्या. येऊ का नको, एवढंच लिहा. बाकी काही लिहू नका. येत्या सोमवारपर्यंत उत्तर हातात पाहिजे."