जामीनदार बदलून मिळण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा उपनिबंधक,
सहकारी संस्था, जालना.

विषय : आईच्या कर्जास तिची स्वतःचीच ठेव जामीन म्हणून धरण्याबाबत.
संदर्भ : संचयदीप नागरी पतसंस्थेचे आईस आलेले पत्र.

महोदय,

माझी आई नंदाबाई मस्तगडला पिठाची गिरणी चालवते. मोटारीचे वाइंडिंग जळाल्याने गिरणी दिवाळीपासून बंद आहे. नव्या मोटारीपुरते पैसे आईच्या नावे वरील संस्थेत ठेव म्हणून आहेत. ते मिळत नाहीत.

१. संस्था मोठ्या कर्जांच्या थकबाकीने बुडाली आणि ठेवी काढण्यावर बंदी आली. त्यातले सर्वांत मोठे कर्ज श्री. अप्पाराव साबळे यांनी वडीगोद्री येथील कापसाच्या जिनिंगसाठी घेतले होते. मी विज्ञान शाखेची पदवीधर आहे. पैसा गेला म्हणजे कुठेतरी गेला असणार, म्हणून जाऊन पाहिले. तिथे पत्र्याची रिकामी शेड आहे. शेडपर्यंत विजेची तारच आलेली नाही. कर्ज मंजूर करताना कोणी मान वर करून पाहिले नसावे.

२. पुढे शासनाने संस्थेस सावरण्यासाठी मदत दिली. त्यातून संस्था पुन्हा उघडली, श्री. साबळे यांचे कर्ज तडजोडीत मिटले आणि त्यांना बेबाकी दाखला मिळाला. ठेवी काढण्यावरील बंदी मात्र तशीच आहे.

३. व्यवस्थापक आईला म्हणाले, "ठेव देता येत न्हाई बाई, कर्ज देता येतं. जामीनदार आणा." आपल्याच पैशाएवढे कर्ज व्याजाने घ्यायला आई तयार झाली. शेजारच्या केशरबाईंना नेले, तर त्यांचीही ठेव अडकलेली, म्हणून ऐपत सिद्ध होत नाही असे कळले. मग व्यवस्थापकांनीच श्री. साबळे यांचे नाव सुचवले. त्यांचे खाते आता बिलकुल साफ आहे.

४. आई त्यांच्याकडे गेली. त्यांनी चहा पाजला, लगेच सही केली आणि निघताना म्हणाले, "नंदाबाई, हप्ते टाइमावर भरा बरं. माझ्या नावाला बट्टा नको."

आईने हे घरी हसत सांगितले. मला हसता आले नाही. सही झालेला कागद अजून संस्थेत दिलेला नाही.

ठेव परत मागण्याचे त्राण आता उरलेले नाही. आईची ठेव हीच जामीन म्हणून धरावी, एवढीच विनंती. हे नियमात बसत नसेल तर तसे कळवावे; आम्ही तोच कागद देऊ. आई हप्ते वेळेवर भरेल. तिला दुसरी रीत येत नाही.

उत्तराची वाट पाहणारी,
उमा रामकिसन डोंगरे, बी.एस्सी.
मस्तगड, जालना
दि. १२ जानेवारी २००९

सोबत : ठेव पावतीची प्रत, शेडचे छायाचित्र, वरच्या मोकळ्या आभाळासह.