कोळी-ऑर्किडची जागा

१९ ऑगस्ट
शाळेत शिकवणाऱ्या ब्रॉन्विननं पुन्हा विचारलं. माझ्या नवऱ्याचे, क्लाइवचे, कोळी-ऑर्किडचे फोटो इंटरनेटवर ठेवायचे, म्हणजे सहावीची मुलं फूल दरवर्षी कधी उमललं ते ताडून बघतील. सोळा वर्षांचे फोटो, एकाच जागेचे. ती जागा त्यानं मलाही दाखवली नाही. ऑर्किडवाले असेच – तारीख सांगतील, माती सांगतील, जागा नाही.
त्याला जाऊन दहा महिने झाले. फोटो नुसते कॉम्प्युटरमध्ये पडून. हो म्हटलं.

२ सप्टेंबर
सगळे मीच चढवले. बोटं दुखली.
टेगन नावाच्या मुलीनं शोधलं – फूल आता अकरा दिवस आधी येतं! मला म्हणाली, "मिसेस हॅकेट, ते पोटावर झोपून फोटो काढायचे ना? सगळीकडे गवत मोठं दिसतं."
हो गं. शर्ट मी धुवायचे.
मग मी वाचलेलं सांगितलं – नर गांधीलमाशीला हे फूल मादीच वाटतं. मागून कोणीतरी, "आमच्या दादासारखाच येडा." वर्ग खिदळला.

१३ सप्टेंबर
क्लाइवचा ऑर्किडवाला मित्र नेव्हिल, जागा फक्त त्यालाच माहीत, मुलांना तिथे घेऊन गेला. अट एकच, फोनमधलं ठिकाण बंद, म्हणजे फोटोसोबत जागेची नोंद होणार नाही. ब्रॉन्विननं एकेक फोन तपासला. मीही गेले.
बारा फुलं, कोळ्याच्या पायांसारख्या लांब पाकळ्यांची. सोळा वर्षं तो इथे यायचा.

२२ सप्टेंबर
नेव्हिलचा फोन. बारा खड्डे. कोणीतरी झाडं खुरपीनं नीट काढून नेलीत.
"मुलं न्यायलाच नको होती, ड्युल्सी. आणि ती पोरगी! बाकीच्यांनी शाळेत येऊन फोटो टाकले, हिनं तिथूनच."
शाळेत टेगन रडत होती. "मी बंद केलं होतं. मिसनी बघितलं होतं."
कोणी ऐकलं नाही. मी तिथेच उभी होते.

२३ सप्टेंबर
त्या मातीतल्या बुरशीशिवाय ती जगत नाहीत. कुंडीत मरतील. कुणाच्या तरी खिडकीत आत्ता मरत असतील.

२५ सप्टेंबर
टेगन तीन दिवस शाळेत नाही. तिच्या आईनं दुकानात माझ्याकडे बघितलं नाही. मी पाव घेतला, दूध विसरले.

२७ सप्टेंबर
इंटरनेटवरचं पान बंद करण्याआधी ब्रॉन्विननं सगळे फोटो एकेक करून उघडले. टेगनच्या फोटोत जागेची नोंद नाही. क्लाइवचे जुने कॅमेऱ्याचे, त्यांतही नाही. गेल्या वर्षी शेवटचे चार त्यानं फोनवर काढले होते. त्यांच्याखाली नकाशा उघडतो.
ते कोणी तपासले नव्हते. मीही नाही.
ब्रॉन्विन हळूच म्हणाली, "पान आता गेलंय. कोणाला कळायची गरज नाही."

२८ सप्टेंबर
टेगनचं घर इथून चौथं. सांगायला जायचं म्हणून सकाळपासून बूट घालून बसलेय. अजून स्वयंपाकघरातच.