डीकनचा लाल कोट

प्रिय ग्लेंडाताई,

धाकट्या लॉइडचा नमस्कार. तुझ्या गुडघ्याची नवी वाटी रुळली असेल आणि बर्फ उपसताना भावोजींची कंबर पुन्हा धरली नसेल, अशी आशा करतो. इकडे डुलूथमध्ये सरोवर गोठलंय आणि मी ठणठणीत आहे.

पत्रास कारण, डीकन. माझी इरीन देवाघरी गेल्यावर घर विकून मी या इमारतीत आलो, तेव्हा तिचा हा बॅसेट कुत्रा (कान जमिनीला टेकलेले, पोटही जवळपास) माझ्यासोबत आला, हे व्यवस्थापिका ओस्बीबाईंना सांगायचं राहून गेलं. शेवटी डीकननेच त्यांच्या दारासमोर उभं राहून मोठ्याने सांगितलं. इथे कुत्र्यांना मज्जाव आहे. अपंगांसाठी शिकवलेला मदतनीस कुत्रा असेल तर तसं दाखवा, नाहीतर महिनाअखेर त्याची दुसरीकडे सोय करा, असं बजावून आणि त्याला बिस्किट देऊन त्या गेल्या. (इथली माणसं हाकलतानाही सभ्यपणा सोडत नाहीत.)

शेजारी रे म्हणून एक जण राहतो, त्याने अक्कल दिली की इंटरनेटवर लाल कोट मिळतो, तो चढवला की कुत्रा सरकारमान्य. मी मागवला. सोबत डीकनचं फोटोसकट ओळखपत्रही आलं. माझ्या लायसन्सवर मी दिसतो त्यापेक्षा तो त्यात बराच जबाबदार दिसतो. सराव म्हणून त्याला नाश्त्याच्या हॉटेलात नेलं. वाढणाऱ्या मुलीने नियमाप्रमाणे विचारलं, अपंगत्वासाठी लागतो का, आणि त्याला काम कोणतं शिकवलंय? मी आठवत होतो, तेवढ्यात डीकनने शेजारच्या टेबलावरच्या पाद्रीबाबांचं सॉसेज उचलून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

पलीकडे टेबलाखाली एक काळी लॅब्राडोर होती. डीकन तिच्या कानाशी जाऊन भुंकला, पण तिने ढुंकूनही पाहिलं नाही. ती मालकिणीच्या मांडीवर सारखा पंजा मारत होती. मालकिणीला (टेरेसा, शाळेची बस चालवते) आधी वाटलं, कुत्री डीकनला घाबरली. मग तिने घाईघाईने संत्र्याचा रस घेतला. रक्तातली साखर उतरली की तो पंजा पडतो. मला फार लाज वाटली.

“अहो, तुमच्या या भोंग्यापायी हिचं ऐकलं नसतं, तर इथेच आडवी झाले असते!” ती म्हणाली. “ही शिकलेली आहे, काम करते, म्हणून सगळीकडे येते. तुमचा काय करतो?”

“काही नाही. घरात असतो.”

“आणि त्याने तुम्हाला बरं वाटतं?”

“मला काही झालेलंच नाही. कुत्राच खचलाय.”

तिने रसाचा ग्लास खाली ठेवला. “मनाला आधार म्हणून कुत्रा ठेवतात, काका. त्याला शिक्षण लागत नाही. हॉटेलात आणायचा नाही, पण घरात बहुतेक ठेवू देतात. तो कोट फेका आणि तुमच्या डॉक्टरांचं पत्र आणा.”

गेलो. डॉक्टर नीलसन सज्जन माणूस. कसं चाललंय, त्यांनी विचारलं. “वाईट नाही,” मी म्हटलं. (दुसरं काय म्हणणार? करवतीत बोट गेलं तेव्हा आपले बाबाही हेच म्हणाले होते.) झोप? वाईट नाही. एकटेपणा? तोही वाईट नाही. ते खूश झाले, म्हणाले, धडधाकट माणसाला असं पत्र कसं देऊ? मी त्यांचे आभार मानले, थोडं थंडीबद्दल बोललो आणि परत आलो.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
लॉइड

ता. क. डॉक्टरांकडे मी गुरुवारची पुन्हा वेळ घेतलीय. फार्गोहून येणं जमेल का? रस्ते मोकळे आहेत.

आणखी एक ता. क. वर ठणठणीत लिहिलंय ते सवयीने. डीकनला बाहेर न्यायचं असतं, एवढ्याच कारणाने मी सकाळी उठतो. त्याला नेलं तर उठणार नाही. माझ्या तोंडून हे निघत नाही, म्हणून तू आत जाऊन डॉक्टरांना सांग. आम्ही दोघं बाहेर गाडीत बसतो.