नऊ नंबरचा नर

बुधवार, अकरा तारीख
जेवणाच्या सुट्टीत

प्रिय ताई,

आईला नमस्कार सांग. भाऊजींची पाठ आता कशी आहे? मी ठीक आहे. ठीक म्हणजे आपलं लिहायचं म्हणून. हा तिसरा कागद, आधीचे दोन फाडले.

काम ढीगभर आहे. प्राणिसंग्रहालयातून रक्ताच्या नळ्या येतात, त्यातलं टेस्टोस्टेरॉन आम्ही मोजतो. नर म्हटला की सगळ्यांचं सारखंच असेल असं तुला वाटेल, पण छे! हत्ती मदात आला की आकडा कितीतरी पटींनी चढतो. हरणाच्या नराचा माजाच्या हंगामात उसळतो, हंगाम सरला की पार तळाला जातो, आणि त्याला कोणी नावं ठेवत नाही. माणसाला असा हंगाम नाही. बारा महिने साधारण तेच.

उठून व्हरांड्यात दोन फेऱ्या मारून आलो. आता लिहूनच टाकतो.

दोन वर्षांपूर्वी मी माझ्याच रक्ताची नळी हरणांच्या नळ्यांत घुसवली. वर चिठ्ठी लावली, 'नर, नंबर नऊ'. साहेबांनी आकडा पाहिला आणि म्हणाले, "याचा हंगाम आटोपलाय. दोन महिन्यांनी पुन्हा बघा." मीही शहाण्यासारखी मान डोलावली. दोन महिन्यांनी पुन्हा बघितलं. आकडा तोच. मग डॉक्टरकडे गेलो, सगळ्या तपासण्या झाल्या. आम्हाला मूल होत नाही ते माझ्यामुळे, ताई. हिच्यात काही दोष नाही.

गेल्या महिन्यात जेवताना तू हिला म्हणालीस, "आता तरी चांगल्या डॉक्टरला दाखव गं, आमच्या घरात असं कुणाचं झालं नाही." आईने 'हो ना' केलं. हिने माझ्याकडे पाहिलं. मी मीठ मागितलं.

रविवारी ही माहेरी गेली. बॅग भरताना म्हणाली, "तुझा रिपोर्ट मला केव्हाच सापडला होता. मी गप्प राहिले तुझ्यासाठी. तू कुणासाठी राहिलास?"

तुझ्यावर राग नाही. तुला माहीत नव्हतं. मला होतं.

हे पत्र आईसमोर मोठ्याने वाच, एक ओळही गाळू नकोस. मग हिला फोन कर. माझा ती उचलत नाही. माफी मागू नकोस, ती मी मागायची आहे. तुम्हाला खरं काय ते कळलंय, एवढंच तिला तुझ्या तोंडून ऐकू दे.

तुझा,
आजवर बायकोच्या आड लपलेला भाऊ