रुमानिया विरुद्ध क्रोएशिया

४ सप्टेंबर
आजपासून माझ्या डॉमिनोच्या जोडीदाराशी, मुतवल्लीशी, बोलणं बंद. कायमचं. काल कॅफेत सगळ्यांसमोर म्हणाला, वगदी, बंदरावरच्या ऑफिसात तू लाकूड कमी आणि चहाच जास्त आयात केलास. विषय काय, तर इजिप्तमधल्या आमच्या दुम्यात गावाला फर्निचरसाठी बीच झाडाचं लाकूड जास्त कोण विकतं. तो म्हणतो रुमानिया. मी म्हणतो क्रोएशिया. ज्याची हयात पलंगांवर वेलबुट्टी कोरण्यात गेली, त्याने आकड्यांत नाक खुपसू नये. दोन्ही देशांचा पंचवीस वर्षांचा ग्राफ काढून त्याच्यासमोर आपटणार. मग येईल नाक घासत.

७ सप्टेंबर
कॅफेत गेलो नाही. आठवण-बिठवण अजिबात येत नाही. घरची कॉफी कडू होते, एवढंच.

१५ सप्टेंबर
मुलीचा अलेक्झांड्रियाहून फोन. म्हणाली, बाबा, दिवसभर करता काय? म्हटलं, हार्डवुड निर्यातमूल्यांचा तौलनिक अभ्यास. ती म्हणाली, जेवलात का? या पिढीला गांभीर्य म्हणून नाही.

२२ सप्टेंबर, दुपार
सापडलं! २००५ साली रुमानिया काय आपटलाय! रेघ थेट कागदाच्या तळाला. ग्राफ भिंतीवर लावला, लांबून पाहिला, जवळून पाहिला. दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून खालच्या इस्त्रीवाल्याला वर बोलावलं. तो म्हणाला, छान आहे, कपडे देताय का?

२३ सप्टेंबर
किरकोळ दुरुस्ती. त्या वर्षी रुमानियाने आपल्या चलनातली चार शून्यं उडवली होती, आणि माझे आकडे त्याच चलनात होते. म्हणजे रुमानिया पडला नाही, शून्यं पडली. आमच्या ऑफिसात हे शिपायालाही ठाऊक होतं. मलाही होतं. घरात एकटं बसून बसून डोकं चालेनासं होतं. दोष मुतवल्लीचाच.

३० सप्टेंबर
सगळं नीट डॉलरमध्ये आणलं. रुमानिया वर. पुन्हा केलं. वरच. ग्राफ २०१४पासून सुरू करावा म्हणतो. ताजे आकडे केव्हाही जास्त विश्वासाचे.

१ ऑक्टोबर
२०१४पासून तर फारच वर.

६ ऑक्टोबर
दार वाजलं. म्हटलं, आला! घाईघाईने ग्राफ उलटा केला, कॉफी चढवली, दोन कप मांडले. गॅसवाला होता. दोन्ही कप मीच प्यालो. खरं सांगायचं तर फार एकटं वाटतं. ठराव: मोठ्या मनाने हार कबूल करायची. तो नाचेल, टोमणे मारेल, महिनाभर छळेल. छळू दे.

८ ऑक्टोबर
गेलो. मुतवल्ली डॉमिनो खेळत होता. समोर माझ्या खुर्चीत वार्निशवाला फिक्री. मला बघून मुतवल्ली म्हणाला, अरे वगदी, मुलीकडून कधी आलास? म्हटलं, कसली मुलगी, मी घरीच होतो. आपलं बोलणं बंद आहे ना! तो म्हणाला, हो? कशावरून?

सगळं सांगितलं. ग्राफ उलगडला. म्हटलं, जिंकलास तू. सोंगट्यांवरची नजर न काढता तो म्हणाला, नाही रे, क्रोएशियाच असेल, ऑफिसातला माणूस तू. फिक्री म्हणाला, उजेड अडतोय, जरा सरका.

सरकलो. डाव संपेपर्यंत उभा होतो. निघताना मुतवल्लीने आमच्या कंजूस गावाच्या रीतीने विचारलं, जेवायला येतोस, की आज हलक्या पोटी झोपतोस? असं विचारल्यावर भल्या माणसाने जेवण नको म्हणायचं, हे ठरलेलं आहे. मला जायचं होतं. फार जायचं होतं. म्हटलं, हलक्या पोटीच. तो बरं म्हणाला.